ट्रॅप-स्कीट : माशीवर भरवसा ठेवायचा की बंदूक अंगाला बसवून घ्यायची?

दुनळीवाला, कोथरूड

नमस्कार मंडळी. रायफल-पिस्तूलवर इथे भरपूर लिहिलं जातं, शॉटगनवर, म्हणजे ट्रॅप-स्कीटसारख्या हवेत उडत्या तबकड्या फोडायच्या प्रकारांवर, फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मुळात रायफलचा. बालेवाडीला १० मीटर एअर रायफलमध्ये सहा वर्षं काढली आणि तीन वर्षांपूर्वी ट्रॅपकडे वळलो. बंदूक १२ बोअरची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची), दुसऱ्याकडून घेतलेली. २५ तबकड्यांच्या राउंडला १४-१५ च्या पुढे आकडा जातच नव्हता. महिन्यातून दोनदा बाहेरगावी रेंजवर जायचं, काडतुसांचा खर्च करायचा आणि रविवारी रात्री पुण्याला परतताना गाडीत एकच विचार: माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) तबकडीवर नीट होती, मी स्वतः बघितली, मग फुटली का नाही?

मागच्या महिन्यात सरांनी राउंडच्या आधी माझी बंदूक मागून घेतली आणि पाच मिनिटांनी परत दिली. पहिल्या स्टेशनला उभा राहिलो, गाल टेकवला, तर नळीच्या टोकाला माशीच नाही. सरांनी स्क्रू फिरवून काढली होती आणि खिशात टाकली होती. मी वळून पाहिलं तर म्हणाले, "मार तसंच. बघायला आता तबकडीच उरलीय."

त्या राउंडला १९ फुटल्या. पुढच्या वेळी माशी परत बसवली, पुन्हा १५.

आता मला दोन सल्ले मिळालेत. रेंजवरचा एक मित्र म्हणतो, जाड, हिरवी चमकणारी माशी लाव, म्हणजे नजरेत पटकन येईल. सर म्हणतात, माशीचा नाद सोड, तुझा दस्ता (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) तुला बसत नाही, आधी त्याचं बघ. दोन्हीला पुरतील एवढे पैसे नाहीत. तुमचे अनुभव सांगा. विशेषतः रायफलमधून शॉटगनकडे आलेल्यांनी जरूर लिहा.

पन्नास मीटर

मी अजून रायफलमध्येच आहे, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या. आमच्याकडे पुढचं वर्तुळ आणि मागचं छिद्र एका रेषेत नसेल तर सगळंच संपलं. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ती फायनल मी तीनदा पाहिली. एकेका गोळीला किती वेळ, श्वास किती आवरलेला! तुमच्याकडे मागे साईटच नाही आणि पुढचीही बघू नका म्हणता. मग नेम धरायचा कशाने? आणि बघायचीच नाही तर कारखानेवाले माशी बसवतात कशाला?

जुना खडकीकर

पन्नास मीटर, तुझा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. शॉटगनला मागची साईट नाही असं नाही. तुझा डोळाच मागची साईट आहे. रायफलची मागची साईट स्क्रूने बसवलेली असते, तुझं डोकं जरा हललं तरी ती जागेवरच राहते. इथे ती तुझ्या कवटीत आहे आणि तिला धातूऐवजी गाल आणि लाकूड धरून ठेवतात. गाल लाकडावर दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच दाबाने टेकला तर मागची साईट पक्की. नाही टेकला तर प्रत्येक बाराला तुझी साईट नव्या जागी.

आता हिशोब कर. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत अंतर साधारण १ मीटर. डोळा ३ मिलिमीटर वर गेला तर ३५ मीटरवर छर्‍यांचा घोळका सुमारे १० सेंटिमीटर वर जातो. तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर. म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की होईल एवढी जाडी, आणि तिकडे अख्ख्या तबकडीएवढा फरक.

दुसरी गोष्ट डोळ्याची. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट बघतो. माशी मीटरभरावर, तबकडी ३० मीटरवर आणि पळती. माशी स्पष्ट केलीस की तबकडी पुसट झाली, आणि त्याच क्षणी हात थांबतात. बंदूक थांबते, तबकडी पुढे निघून जाते, छर्रे तिच्या मागून जातात. दुनळीवाला, तुझं नेमकं हेच होत असणार. माशी तबकडीवर होती, मान्य. पण ती तिथे आहे की नाही हे तपासायला तू थांबलास.

विटीदांडू खेळलेला माणूस हे लगेच समजतो. विटी उडाली की आपण दांडूच्या टोकाकडे बघतो का? डोळे विटीवर, दांडू आपोआप तिथे पोचतो. पण का पोचतो? दांडू हाताच्या मापाचा असतो म्हणून. लहान पोराला मोठ्या भावाचा दांडू द्या, सगळे टोले हवेत.

आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, १८६९ सालचा तो कारखाना. घरात १२ बोअर आजोबांच्या वेळेपासून. आजोबा एकच वाक्य सांगत, "बंदूक आधी गालाला, मग खांद्याला." लोक खांद्याला आधी लावतात आणि मग मान वाकवून गाल खाली नेतात. प्रत्येक वेळी मान किती वाकेल याचा काय भरवसा?

माशी असते कशाला, याचं उत्तर ट्रॅपवाल्यांनी द्यावं. तिचा उपयोग आहे, पण बार काढायच्या आधी.

सव्वाशेपैकी

खडकीकर काकांशी नव्वद टक्के सहमत. पण माशी काढून फेका असं कुणी यातून समजू नये, म्हणून लिहितो.

ट्रॅपमध्ये आपल्याला बंदूक आधीच गालाला लावून उभं राहता येतं. पाच स्टेशनं, समोर १५ मीटरवर खंदक, त्यात तबकड्या फेकणारी १५ मशीन. आपल्या स्टेशनसमोरच्या तिनांपैकी कोणतं सुटेल माहीत नाही, पण तबकडी बोलावण्याआधी दोन सेकंद आपले असतात. माझ्या बंदुकीवर दोन माश्या आहेत, एक टोकाला आणि एक बारीक, नळीवरच्या पट्टीच्या मध्यावर. गाल टेकवल्यावर मला मधल्या माशीच्या डोक्यावर पुढची बसलेली दिसते, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. तसं दिसलं म्हणजे डोळा पट्टीच्या मधोमध आणि योग्य उंचीवर आहे. दोघींमध्ये फट दिसली तर डोकं वर राहिलंय. पुढची डावीकडे सरकलेली दिसली तर डोळा पट्टीवरून डावीकडे गेलाय.

एवढं तपासायचं आणि नजर उचलून खंदकाच्या पुढे हवेत न्यायची. मग "पुल" म्हणून तबकडी बोलवायची. यानंतर माशीकडे बघितलं तर तो राउंड गेलाच म्हणून समजा.

आठ दिसणं म्हणजे बंदूक तिथेच मारते असंही नाही बरं का. ट्रॅपची तबकडी वर चढत जाते, म्हणून ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम जरा वर मारणाऱ्या असतात. तबकडी नळीच्या वर तरंगताना दिसत असतानाच चाप ओढायचा. ज्यांची बंदूक वर मारत नाही त्यांना तबकडी नळीने झाकून बार काढावा लागतो, आणि झाकली की ती कुठे वळली ते दिसत नाही.

दुनळीवाला, हिरवी जाड माशी अजिबात लावू नका. मी लावली होती. आठवडाभर छान वाटलं, कारण काहीतरी स्पष्ट दिसत होतं. मग लक्षात आलं की स्पष्ट दिसत होती ती माशी.

स्कीटवाली

आमच्या स्कीटमध्ये तर ते दोन सेकंदही नाहीत. बंदुकीचा दस्ता कमरेजवळ, जॅकेटवरच्या खुणेला लागलेला. बोलावल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा ३ सेकंदांपर्यंत कधीही सुटेल, आणि ती दिसल्यावरच बंदूक वर आणायची. चौथ्या स्टेशनला ती समोरून आडवी जाते तेव्हा नळी तिच्या मीटर-सव्वा मीटर पुढे पाहिजे. आता सांगा, माशी नेमकी कशावर ठेवणार? तिथे हवेशिवाय काहीच नसतं. म्हणून स्कीटवाल्यांना माशीचा मोह कमी आणि दस्त्याची काळजी जास्त.

माझी उंची पाच फूट दोन. पहिली बंदूक ओळखीच्या एका दादांकडून घेतली, दस्ता पावणेपंधरा इंच. सगळे म्हणाले, सवय होईल. दोन वर्षं मी सवय करत होते. दस्ता वर येताना काखेत अडकायचा, खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडावर बसायचा, आणि दर रविवारी दंड काळानिळा. आई विचारायची, कुठे आपटलीस? सगळ्यात वाईट म्हणजे मी त्या वेदनेशी जुळवून घ्यायला डोकं मागे घ्यायला शिकले. ती खोड मोडायला नंतर वर्ष गेलं.

शेवटी परवाना असलेल्या, बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे गेले. त्यांनी मला डोळे मिटून बंदूक गालाला लावायला सांगितली. मग म्हणाले, उघडा, काय दिसतं? मला नळी दिसतच नव्हती, फक्त बंदुकीचं मागचं लोखंड. म्हणजे दस्ता लांब होताच, शिवाय त्याची वरची कडही माझ्यासाठी खाली होती. बायकांची मान लांब असते, गालाचं हाड वर असतं, त्यामुळे बऱ्याच जणींना कड वर लागते. शिवाय छातीमुळे दस्त्याच्या खालच्या टोकाचा कोन बदलावा लागतो, नाहीतर ते टोक रुततं आणि बार झाल्यावर नळी वर उडते. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. रेंजवर मापं सांगणारे सगळे पुरुष, आणि त्यांच्या मापाने ते बरोबरच होते.

त्यांनी दीड इंच कापला आणि कड चढवली. कापलेला तुकडा मी जपून ठेवलाय, कारण बंदूक विकायची वेळ आली तर लागेल. एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं: मागचं लाकूड कमी झालं की बंदूक पुढच्या बाजूला जड होते. दस्त्याच्या पोकळीत वजन घालून तोल परत आणावा लागला.

माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांची पॅरिस ऑलिंपिकमधली मिश्र स्कीटची ब्राँझची लढत एका गुणाने गेली, ४४-४३. ती पाहताना मी फक्त दोघांची डोकी बघत होते. तुम्हीही एकदा तेवढंच बघा.

दुनळीवाला, कोथरूड

ताई, वाचून सुन्न झालो. माझ्याही दंडावर खूण उठते, मी ती रेंजची निशाणी समजत होतो.

खडकीकर काका, मी दस्त्याचं माप दुकानात सांगितलं तसंच घेतलं होतं: दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत ठेवायचं आणि बोट चापावर पोचलं की माप बरोबर. हे चूक आहे का? आणि घरच्या घरी काही तपासता येईल का? लगेच लाकूड कापायची हिंमत नाही.

जुना खडकीकर

कोपराची पद्धत फक्त हाताची लांबी सांगते. मान किती लांब, गाल किती भरलेला, खांदे किती उतरते, छाती किती रुंद, यातलं काहीच नाही. त्यापेक्षा बंदूक नीट लावल्यावर नाक आणि चापाच्या हाताचा अंगठा यांच्यामध्ये किती अंतर उरतं ते कुणाला तरी बघायला सांग. दोन ते तीन बोटं असावं. कमी असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर येईल, आणि एकदा आला की पुढचे पन्नास बार तू आधीच डोळे मिटशील.

कपड्यांचंही बघ. पुण्यात एप्रिलमध्ये सुती टी-शर्टवर माप घेशील आणि डिसेंबरात दिल्लीला तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर स्वेटर आणि त्यावर जॅकेट घालून उभा राहशील, तर तोच दस्ता बोटभर लांब झालेला असेल. मी स्वतः तिथे पहिल्या दिवशी हेच भोगलंय. म्हणून नेहमी मारताना घालतोस त्या जॅकेटवरच माप घे.

खरी परीक्षा कागदावर. मीटरभर लांब-रुंद कागद, मधोमध ठिपका, १५ मीटर अंतर. बंदूक खाली, नजर ठिपक्यावर, गालाला आण आणि लगेच बार. दुरुस्त करायचं नाही. माशी शोधायला थांबलास तर ती परीक्षा वाया गेली, कारण मग तू बंदुकीची चूक मनाने भरून काढतोस. असे सहा बार एकाच कागदावर. छर्‍यांचा दाट भाग ठिपक्यापासून कुठे पडलाय ते मोज. १५ मीटरवर दीड सेंटिमीटरचा फरक म्हणजे डोळ्याशी साधारण १ मिलिमीटर.

आणि लाकूड आत्ता कापूच नकोस. कड वर हवी असेल तर आधी चिकटपट्टीचे थर देऊन बघ.

नेत्रतपासनीस, सदाशिव पेठ

मी बंदूक चालवत नाही, पण नेमबाज माझ्याकडे येतात म्हणून एक मुद्दा. कागदावरच्या परीक्षेत छर्रे सतत डावीकडे जात असतील तर दस्त्याला दोष द्यायच्या आधी डोळा तपासा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा वरचढ असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवल्यावर मेंदू नळी डाव्या डोळ्याने लावतो.

तपासायला दोन्ही तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, हात ताठ, खिडकीतून खोलीच्या टोकाचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ दिसत राहतं तो वरचढ. डावा निघाला तर चष्म्याच्या डाव्या काचेवर, बाहुलीसमोर येईल एवढाच धुरकट पट्टीचा छोटा ठिपका लावून बघा. अख्खी काच झाकू नका, अंतराचा आणि वेगाचा अंदाज दोन डोळ्यांनीच नीट येतो. चाळिशीनंतर काहींचा वरचढपणा डळमळतो, थकल्यावर तर जास्तच, म्हणून दिवसाच्या शेवटीही एकदा तपासा.

पन्नास मीटर

आम्ही साईटचे क्लिक मोजतो, तुम्ही गालाखालचे थर मोजता. आता कळलं. माझ्या रायफलच्या चीकपीसला (गाल टेकवायच्या भागाला) मी यापुढे वेगळ्या नजरेने बघेन.

दुनळीवाला, कोथरूड

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. आधी कागद मारायचा होता.

डोळा उजवाच वरचढ निघाला, सकाळी आणि रात्रीही. मग रेंजवर १५ मीटरवर सहा बार. दाट भाग ठिपक्याच्या ६ सेंटिमीटर खाली आणि ४ सेंटिमीटर डावीकडे. सरांनी कागद उन्हासमोर धरला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. तीन वर्षं मी चढत्या तबकडीवर खाली मारणारी बंदूक घेऊन उभा होतो. ३५ मीटरवर हेच १४ सेंटिमीटर खाली होतं. माशी बरोबर तबकडीवर असायची, आणि म्हणूनच छर्रे खालून जायचे.

काकांनी सांगितलं तसं लाकडाला हात लावला नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, एकेक साधारण मिलिमीटरची, आणि दस्त्याच्या वरच्या कडेवर चढवल्या. पहिल्या दिवशी रबर तसंच उघडं ठेवलं तर धक्क्याला गाल ओढला जाऊन सोलवटला. म्हणून वरून गुळगुळीत कापडी पट्टी गुंडाळली. चार थरांना मारा ठिपक्यावर आला. सहा थरांना वर ३ सेंटिमीटर, आणि सव्वाशेपैकी म्हणतात तशी तबकडी नळीवर तरंगताना पहिल्यांदा दिसली. सहावरच ठेवलंय.

डावीकडचा फरक पट्ट्यांनी जाणार नव्हता. माझा चेहरा रुंद आहे, त्यामुळे डोळा पट्टीच्या डावीकडे राहतो. दस्ता बाहेरच्या बाजूला सुमारे ३ मिलिमीटर वळवावा लागेल. ते काम कारागिराकडेच. ताई, तुम्ही पाठवलेला पत्ता मिळाला, पुढच्या बुधवारी जातोय, परवाना सोबत घेऊन. बंदूक तिथे ठेवायची नाही, काम समोर बसून करून घ्यायचं, असं त्यांनीच फोनवर सांगितलं.

तोवर रोज रात्री वीस मिनिटं घरी सराव. नळ्या दोनदा उघडून रिकाम्या असल्याची खात्री, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, पडदे ओढलेले. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवर नजर ठेवायची, बंदूक गालाला आणायची आणि रेषेवरून कोपऱ्यापर्यंत नळी फिरवायची. नळीत बारीक टॉर्च बसवलाय, त्यामुळे उजेडाचा ठिपका रेषा सोडतो कुठे ते दिसतं. पहिल्या आठवड्यात कोपऱ्याजवळ दर वेळी सोडायचा, कारण तिथे माझं डोकं लाकडावरून सुटायचं. आता क्वचित सुटतो.

स्कीटवाली

डोकं सुटणं शेवटाला होतं ना? म्हणजे कमरेतून वळायचं थांबून हातांनी ओढताय. पाय जरा जवळ घ्या, पुढच्या पायावर वजन द्या आणि कोपऱ्याच्या पुढे अर्धा हात फिरू द्या.

आणि रविवारचा आकडा सांगितलाच नाहीत.

दुनळीवाला, कोथरूड

तीन राउंड मारले. १८, १७, २१. माशी जागेवरच आहे, सरांनी परत लावून दिली. बोलावण्याआधी एकदा बघतो. एकविसाच्या राउंडमध्ये त्यानंतर ती दिसल्याचं मला आठवत नाही. पाय जवळ घेऊन आज रात्री बघतो.